आण्णांच्या फोटोची काच

सन दोन हजार तेवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. या वयात आमच्या रहाटणीतली माणसं सकाळी बागेत जमून मोठमोठ्यानं हसायचा व्यायाम करतात. मी घरी बसून काळे-पांढरे फोटो छापत होतो. अजूनही छापतो.

आमच्या भागातलं मंडळ दिवाळीला अंक काढतं. त्यांची माणसं आली आणि म्हणाली, नाना, धंद्यातले अनुभव लिहा, जुन्या गमतीजमती लिहा. मी चौथी नापास माणूस. शाई आयुष्यभर हाताला लागली, पण ती लिहायची नव्हे. ते म्हणाले, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, माझं मी लिहीन, चुकलं तर तसंच छापा. गमती दोन सांगतो. त्यानंतर जे सांगायचंय त्यात गंमत नाही. नावं बदलली आहेत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, माझी हरकत नाही.

आधी धंदा सांगतो. पिंपरीत एका स्टुडिओच्या मागं छोटी खोली होती, नऊ बाय सहाची. लाल दिवा, तीन ट्रे, एक पंखा, तोही बंद, कारण धूळ उडते. त्या खोलीत मी एकतीस वर्षं फोटो छापले. काढणारा वेगळा, छापणारा वेगळा. ग्राहक मालकाला म्हणायचा, काय फोटो काढलाय! छापणारा मागं, अंधारात. माणसाच्या गालावर किती काळं सोडायचं, कपाळावर किती उजेड द्यायचा, हे मी हाताची सावली धरून ठरवायचो. एक सेकंद जास्त झाला तर माणूस आजारी दिसतो, एक सेकंद कमी झाला तर भुतासारखा. हे मला कुणी शिकवलं नाही. कागद वाया घालवून, शिव्या खाऊन शिकलो.

मग काँप्युटर आला. मालकानं एका सकाळी भंगारवाला बोलावला. माझं फोटो मोठे करायचं मशीन, ज्याच्या चाकावर माझ्या अंगठ्यानं खळगा पडला होता, ते वजनकाट्यावर चढवलं. मालक म्हणाला, "नाना, हवं असलं तर घेऊन जा, माझं काय जातंय?" मी म्हटलं, "नको." मागून घ्यायची मला सवय नाही, आणि असं कुणी समोर फेकलेलंही मी उचलत नाही. रिक्षात घालून घरी आणता आलं असतं. नाही आणलं. त्याचं वाईट आजही वाटतं, पण 'नको' म्हटलं त्याचं वाटत नाही. आता हे कसं, ते मला विचारू नका.

नंतरची काही वर्षं मी नुसता बसून काढली. मग चाकणच्या एका कंपनीच्या डिझाइन खात्यानं त्यांचा जुना प्रिंटर काढून टाकला. नकाशे आणि मोठाले फोटो छापायचा. माझा मुलगा तिथं शिफ्टला होता, तो म्हणाला, "बंद पडलाय, नुसतं धूड आहे." दोघांना उचलावं लागेल एवढं धूड मी घरी आणलं. त्याची तोंडं शाई वाळून बुजली होती. बारीक छिद्रं असतात, केसापेक्षा बारीक. कोमट पाण्याचा ओला कपडा त्याच्या तोंडाखाली ठेवायचा, सकाळी काढायचा, पुन्हा ठेवायचा. अकरा दिवस. घरातले हसत होते. बाराव्या दिवशी त्यानं सरळ काळी रेघ ओढली. त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही. काय बोलणार? रेघ सरळ होती.

पडद्यावरचं सगळं इंग्रजी. मला वाचता येत नाही. सुनेनं एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिलं, वरून तिसरं बटण, मग उजवीकडचं दुसरं. तो पुठ्ठा अजून भिंतीला आहे, पण आता मला तो लागत नाही.

शाई दोन जातीची असते. एक पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली. ती कागदात मुरते, झकास दिसते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत उडून जाते. दुसरी पिगमेंट. म्हणजे खरोखरची पूड, काजळीसारखी, पाण्यात तरंगती ठेवलेली. ती कागदावर बसते आणि बसून राहते. तिला रोज थोडं चालवावं लागतं, नाहीतर गाळ खाली बसतो. माझ्या प्रिंटरात काळ्याच्याच चार डब्या आहेत. गडद काळा, साधा काळा, करडा, फिकट करडा. लोक म्हणतात, काळा-पांढरा फोटो म्हणजे सोपं, रंगच नाहीत. अहो, रंगीत फोटोत चूक लपते. लाल साडी दिसली की बघणारा खूश. काळ्या-पांढऱ्यात लपायला जागा नसते. आणि ट्यूबच्या उजेडात चांगला दिसणारा काळा बाहेर उन्हात नेला की शेवाळासारखा हिरवट दिसतो. म्हणून मी प्रत्येक फोटो गच्चीवर नेऊन बघतो. शेजारी म्हणतात, नानांनी पापड घातलेत.

आता गमती.

काळेवाडीची एक बाई आली. नवऱ्याचा रंगीत फोटो घेऊन, म्हणाली काळा-पांढरा करून द्या. चांगला स्वच्छ फोटो होता. मी विचारलं, "ताई, रंगीत का नको?"

"तो शर्ट हाये ना पिवळा, तो घालूनच प्यायला जायचे. पिवळं बघितलं की माझं टाळकं फिरतं. आता गेलेत, म्हटलं माणूस ठेवावा, शर्ट नको."

मी शर्ट असा करडा केला की तो कुठल्याही माणसाचा वाटावा. तिनं बघितलं आणि म्हणाली, "हां. ह्या माणसाशी संसार केला असता मी."

दुसरा चाकणच्या कंपनीत कंत्राटावरचा गडी, लातूरकडचा. आईचा फोटो म्हणून मतदान कार्डाच्या झेरॉक्सची झेरॉक्स आणली. त्यात आई म्हणजे दोन काळे ठिपके आणि पदराची कड. मी म्हटलं, "राव, ह्यात माणूसच नाही." तो म्हणाला, "काका, तुम्ही छापा. मला दिसते." चार दिवस मी त्या ठिपक्यांत आई शोधली. त्याला समोर बसवलं, त्याच्याच कपाळावरून, गालावरून अंदाज घेतला. फोटो बघून तो रडला. ती त्याची आई होती की मी केलेली दुसरीच कुणी बाई, देव जाणे. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की माझ्यासारखा छापणारा ह्या पट्ट्यात नाही. तळेगावपासून भोसरीपर्यंत नाही. हे खोटं नव्हतं. पण खऱ्या गोष्टीचाही माज चढतो.

आता आण्णांचं.

आण्णा म्हणजे रहाटणीचे जुने रहिवासी. शेती होती, तिच्यावर इमारती आल्या. मी नवीन होतो तेव्हा त्यांच्याच चाळीत भाड्यानं राहत होतो. दोन मुलगे, थोरला दत्तू, धाकटा दूर असायचा आणि दत्तू म्हणेल तिथं मान हलवायचा. आणि एक मुलगी, सुमन, तळेगावला दिलेली. त्या तेवीस सालच्या श्रावणात आण्णा गेले.

सहाव्या दिवशी सुमन माझ्याकडं आली. हातात छोटासा फोटो, कोपरे मुडपलेले, मध्ये घडीची रेघ. तरुण आण्णा, डोक्याला फेटा, कॅमेऱ्याकडं रोखून बघणारे.

"काका, दादानं चौकात फ्लेक्स लावलाय. बघितला का?"

"बघितला." त्यावर आण्णा गुलाबी होते. मागं ढग, वर पुढाऱ्यांची रांग, खाली श्रद्धांजली देणाऱ्यांची रांग. मधल्या गर्दीत आण्णा.

"त्यो मला माजा बाप वाटत न्हाई. हा वाटतो. ह्याचा मोठा करून द्या, काळा-पांढराच. घरात तुमी केलेला फोटो लागंल. तुमी सवडीनं द्या, तेराव्याला दिला तरी चालंल."

माझी बायको मंदा, तिनं चहा दिला. चहा घेताना सुमन बोलली ते आम्ही दोघांनी ऐकलं. तिचा नवरा कामाला होता तो तळेगावचा कारखाना बंद पडला होता. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत होती, भाड्याच्या खोलीत राहत होती. आण्णांनी तिला सांगितलं होतं, रस्त्याकडच्या दोन खोल्या तुझ्या. नुसतं तोंडी. आणि दत्तूनं हक्कसोडीचे कागद तयार ठेवले होते.

हे बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे. आमच्या ह्या जुन्या गावांतून बाप गेला की बहिणी लिहून देतात, माझा वाटा मी भावांना सोडला. बदल्यात साडी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. न देणाऱ्या बहिणीला कुणी शिव्या देत नाही. नुसतं दिवाळीला बोलवत नाहीत.

"मी सही करनार न्हाई, काका," सुमन म्हणाली. "सगळं नको मला. दोन खोल्या. बापानं तोंडानं दिल्यात. भांडीन, पण घेईन."

मंदा म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

मी तीन दिवस त्या फोटोला बसलो. घडीची रेघ काढली, बुरशीचे डाग काढले. फेट्याचा एकेक पदर वेगळा केला. आणि डोळे. जुन्या फोटोत डोळे विझलेले होते. मी डोळ्यांच्या खोबणीत काळं भरलं, गडद काळा, थरावर थर, म्हणजे आतलं बुबुळ पेटून उठेल. चार वेळा छापला, चारही फाडले. पाचव्याला आण्णा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच भाडं थकवलंय.

तो नववा दिवस होता, दुपार. फोटो गुळगुळीत कागदावर छापला होता, कारण डोळ्यांतली चमक त्यावरच येते. त्या कागदाच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो. शाई वरून हाताला कोरडी लागते, पण आतला ओलावा लगेच जात नाही. पाठीमागून त्याला वाट नसते, पुढूनच हळूहळू उडतो. माझा नियम असा, की एक दिवस-एक रात्र फोटो उघडा ठेवायचा. मग त्यावर कोरा कागद टाकायचा. कागद ओलावा पिऊन लाटेसारखा उठला तर बदलायचा. उठायचा थांबला की मगच काच. घाई करून काच लावली तर आतली वाफ चार दिवसांत काचेला आतून चिकटते, तेलकट धुक्यासारखी. जिथं शाई जास्त, तिथं धुकं जास्त. पावसाळ्यात तर दुप्पट.

हे मला माहीत होतं. आमच्या लग्नाचा जुना फोटो ह्याच प्रिंटरवर पुन्हा छापला तेव्हा मी हेच करून ठेवलं होतं आणि मंदानं महिनाभर टोमणे मारले होते.

त्याच दिवशी पाच वाजता दत्तू आला. पांढरे कपडे, डोकं भादरलेलं, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

"नाना, फोटो झाला म्हनं. उद्या दशक्रियेला घाटावर ठेवू की."

"उद्या नाही. वाळायचाय. तेराव्याला देतो, सुमनशी तसंच ठरलंय."

त्यानं वाकून फोटोवर बोट टेकवलं. मी त्याचा हात बाजूला केला. तो बोट बघून म्हणाला, "वाळलाय की."

"वरून वाळलाय."

"अहो नाना, तुमचा फोटू वाळंपर्यंत आण्णा दुसऱ्या जल्माला येतील." बरोबर आलेले दोघं हसले. "न्हाई जमत तर न्हाई म्हना. राग न्हाई. वय झालंय आता तुमचं. चौकातला फ्लेक्सवाला अर्ध्या तासात देतो आन वाळवायची भानगड बी न्हाई त्याची."

आता इथं शहाण्या माणसानं म्हणायचं, जा बाबा, घे फ्लेक्सवाल्याकडून. मी आयुष्यभर असंच म्हणत आलो होतो. पण त्यानं 'न्हाई जमत' म्हटलं. माझ्या घरात, माझ्या टेबलापाशी. पाचव्या प्रतीपाशी.

मी फ्रेम काढली. काच पुसली. फोटो बसवला, मागून पुठ्ठा, चारही बाजूंनी बारीक खिळे. मंदा दारात उभी होती. म्हणाली, "अहो, आजच?" मी म्हटलं, "तू आत जा."

दहाव्याला घाटावर सगळ्यांनी बघितला. प्रवचनाला आलेले महाराज बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, हा फोटो कुणी केला? कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा छापणाऱ्याकडं बोट झालं. मी हात जोडले. छाती भरून आली होती, खोटं कशाला सांगू.

तेराव्याला जेवण त्यांच्या बंगल्यात होतं. आम्ही दोघंही गेलो. हॉलमध्ये फोटो, हार, खाली समई. बाहेर झड लागलेली, खिडक्या बंद, आत शंभर माणसांची वाफ. मी पान घेऊन भिंतीशी बसलो होतो, फोटोपासून आठ-दहा फुटांवर. आणि मला दिसलं.

फेट्यावर काही नव्हतं. गालावर काही नव्हतं. डोळ्यांखाली, जिथं मी काळ्यावर काळं चढवलं होतं, तिथं काचेवर धुकं धरलं होतं. दोन्ही डोळ्यांखाली, गालाच्या हाडापर्यंत ओघळल्यासारखं. समईचा उजेड खालून पडून ते ओलं चमकत होतं.

मंदाचं अजून लक्ष नव्हतं.

जेवणं आवरत आली तेव्हा आतल्या खोलीतला आवाज हॉलमध्ये आला. कागदांचाच विषय. सुमन बाहेर येऊन उभी राहिली, मागं दत्तू, त्यामागं चुलते, मामे, सगळे.

"दोनच खोल्या मागतीय मी, दादा. वाडवडलांचं सगळं तुमाला ऱ्हाऊ द्या."

"आजच बोलायचं का हे? बापाचं तेरावं हाय."

"कागद आज कुनी काढलं?"

ती एकटी उभी होती. नवऱ्यालाही बरोबर आणलं नव्हतं. पण आवाज हलत नव्हता. मला वाटलं, ही काही सही करत नाही. मामा लोकांपैकी एक जण तर म्हणालाही, "दत्तू, दे की रं दोन खोल्या, काय होतंय."

तेवढ्यात आण्णांची बहीण, सगळे तिला आत्या म्हणतात, ऐंशीच्या पुढची, फोटोपुढं फुलं वाहायला उठली. वाकली, वर बघितलं आणि किंचाळली.

"आगं बया! माजा दादा रडतोय!"

सगळा हॉल फोटोकडं वळला. बायका पुढं आल्या. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी हात जोडले. "व्हय की! पानीच हाय डोळ्यात!" म्हाताऱ्या आत्यानं स्वतः आण्णांना असंच लिहून दिलेलं, कधीकाळी. ती फोटोवर हात ठेवून हमसून रडत होती. तिच्या मनात काही नव्हतं. भाऊ रडताना बघून ती रडत होती, एवढंच.

दत्तू फोटोजवळ गेला. जवळून बघितलं, चांगलं वीतभर अंतरावरून. मग सावकाश वळला.

"बग, सुमे. बग आपल्या बापाकडं. तुला दुसरं काय बोलायचंय का आता?"

सुमन पुढं आली. तिनंच मागितलेला फोटो. फ्लेक्सवरचे आण्णा तिला बाप वाटत नव्हते, हे वाटत होते. ती बघत राहिली. तिचा चेहरा मी इतका वेळ बघितला की तो मला आत्ता छापता येईल.

त्याच वेळी माझ्या शेजारचे एक जण माझा गुडघा दाबून म्हणाले, "नाना, धन्य हो तुमची. माणूस जित्ता केला तुमी." दुसऱ्यानं वाकून मला नमस्कार केला. मला! चार माणसं मागं वळून माझ्याकडं बघत होती, देवळातल्या पुजाऱ्याकडं बघतात तशी.

मला उठून एवढंच म्हणायचं होतं, हे पाणी नाही, ही माझ्या शाईची वाफ आहे, मी फोटो ओला दिला. लोक हसले असते. दत्तू म्हणाला असता, मग न्हाई जमत म्हनायचं होतं. फ्लेक्सवाल्याचा फोटो रडत नाही. माझी पाचवी प्रत सगळ्या गावासमोर नासलेला माल ठरली असती.

मी बसून राहिलो.

"करते सही," सुमन म्हणाली. फोटोकडं बघतच म्हणाली. "उद्याच करते. रडू नका, आण्णा."

संध्याकाळी घरी आल्यावर मंदानं छत्री झटकली नाही, तशीच कोपऱ्यात टाकली.

"ते काचेवरचं तुमच्या शाईचं होतं ना?"

मी कपडे बदलत होतो.

"मी विचारतेय. आपल्या लग्नाच्या फोटोला झालं होतं तसलंच ना ते?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

"तिला करायचीच होती सही. फोटोनं काय होतंय?"

"ती नाही म्हणत होती, अहो. माझ्या घरात चहा पिताना नाही म्हणाली ती. उद्या जायच्या आधी मी सांगून येते."

"माझ्या धंद्यात तोंड घालायचं नाही," मी म्हटलं.

बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं. तिनं माझं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं नाही. मी ठरवलं होतं, सकाळी मीच जाईन आणि सांगेन. खरंच ठरवलं होतं. पण तिला तसं बोललो नाही, कारण मग ते तिच्या सांगण्यावरून केल्यासारखं झालं असतं.

सकाळी आठला दत्तूचा फोन आला.

"नाना, तेवढी काच पुसून जावा की येऊन. आतनं वाफ धरलीय. आज पावणे यायचेत, बरं दिसत न्हाई."

वाफ म्हणाला तो. काल वीतभर अंतरावरून त्यालाही ती वाफच दिसली होती.

मी पक्कड आणि मऊ फडकं घेऊन गेलो. हॉल झाडून काढलेला, सतरंज्या गुंडाळलेल्या. फोटो उतरवून मी टेबलावर पालथा घातला, खिळे काढले, पुठ्ठा काढला, काच सोडवली. काचेवर आतून बोट फिरवलं तर बोट तेलकट झालं. फोटो मात्र आता पुरता वाळला होता. इतका चांगला फोटो मी त्याआधी छापला नाही आणि त्यानंतरही नाही.

आतून सुमन आली. भावांनी दिलेली साडी नेसली होती, घड्या न मोडलेली, नव्या कापडाचा आवाज येत होता. खांद्याला पर्स. बाहेर गाडी सुरू होती. रजिस्टर कचेरीत अकराची वेळ होती.

मला बघून ती थांबली. माझ्या एका हातात काच होती, एका हातात फडकं, आणि टेबलावर आण्णा, उघडे.

"थांबलं का हो, काका, रडायचं?"

दत्तू दारात उभा होता, किल्ली बोटात. तो फिरवायचा थांबला. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. आम्हा दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला माहीत आहे.

"थांबलं, पोरी," मी म्हटलं.

तिनं वाकून फोटोवर डोकं टेकवलं आणि बाहेर गेली. गाडीचं दार लागलं. मी काच दोन्ही बाजूंनी पुसली, उजेडाकडं धरून बघितली, फोटो आत बसवला, बारीक खिळे एकेक करून ठोकले आणि फ्रेम भिंतीला लावली. चार पावलं मागं जाऊन बघितलं तर डावी बाजू केसभर खाली वाटली. ती सरळ केली, आणि घरी आलो.